पंच्याहत्तर नाणी

हॉलिस बीचमच्या दुकानात, काचेखाली,
हिरव्या फेल्टवर दोन ठेवलेली.
एक ॲल्युमिनियमचं, पंधरा औंसांचं,
दुसरं पोलादी, तेवीस.
दोन्हींत पाचच गोळ्या.
"पाचांत नाही भागलं," हॉलिस म्हणाला,
"तर तुम्ही आधीच पळायला हवं होतं."
विनोद असावा. मी हसले नाही. तोही नाही.

हलकं उचललं, तर उचलल्यासारखंच वाटेना.
"रोज बाळगायला हेच बरं. पण उडवाल तेव्हा लाथ मारतं."
दुभत्या गाईच्या लाथा गोड म्हणतात.
ही गाय काय देणार
ते त्या दुकानात कोणी बोलत नव्हतं.

घोडा आत झाकलेला, अस्तरात अडकू नये म्हणून.
चाप ओढायला बारा पौंडांचा जोर.
रिकामं होतं. तीनदा ओढला.
चौथ्यांदा बोट अर्ध्यावरच थांबलं,
ओल्या चादरी पिळून, झटकून झिजलेलं बोट.
"आठवडा द्या मला," म्हटलं.

टल्सात, अकराव्या रस्त्यावर, माझी लाँड्री आहे.
बावीस यंत्रं, पैकी एकोणीस चालू.
वजनाचं मला एकच माप कळतं: पाव डॉलरचं नाणं.
काट्यावर घालून पाहिलं.
पंधरा औंस म्हणजे पंच्याहत्तर,
तेवीस म्हणजे एकशे पंधरा.
एकट्या मोज्यांच्या टोपलीतून दोन मोजे काढले,
एक करडा, पुरुषी,
एक पिवळ्या बदकांचा, कुणा लहानग्याचा.
नाणी भरून तोंडाला गाठ मारली.

सोमवारी करडा मोजा, पंच्याहत्तर.
दुपारपर्यंत विसरून गेले.
विसरणं हवं होतं की नको होतं, कळेना.
बुधवारी बदकं.
ॲप्रनचा खिसा लोंबला, कंबर एकीकडे कलली.
लोरेटा टायगरनं विचारलं, "पाठ धरली का गं?"
"चिल्लर आहे," म्हटलं. खोटं नव्हतं.

उजवा खिसा त्याच्या एकट्याचा, हॉलिसनं बजावलं होतं,
तिथे किल्ल्या नकोत, रुमालसुद्धा नको.
तेवीस वर्षं त्या खिशात
पेपरमिंटच्या गोळ्या असायच्या,
यंत्रांच्या आवाजानं रडणाऱ्या पोरांसाठी.
त्या डावीकडे गेल्या, किल्ल्यांच्या जुडग्यात.
गुरुवारी लोरेटाच्या नातवानं सवयीनं
उजव्या बाजूला येऊन हात पसरला,
आणि मी एक पाऊल मागे सरले.
मोजाच होता खिशात. तरी सरले.

फेब्रुवारीचं सांगायला हवं.
रात्री अकरा. पार्किंगमध्ये एक गाडी,
इंजिन चालू, दिवे बंद. दोन तास.
मी आत, गल्ल्याची पिशवी मांडीवर घेऊन.
मग ती निघून गेली.
पोलिसानं लिहून घेतलं: काही झालं नाही.
तेव्हापासून ते काही-झालं-नाही
मी रोज रात्री दारापासून मोटारीपर्यंत नेते.
त्याची नाणी किती होतात,
काटा नाही माझ्याकडे.

शनिवारी पोलादी घेतलं.
जडाची लाथ कमी बसते, हे हॉलिसला सांगितलं.
जड असलं की आठवण राहते, हे नाही सांगितलं.
त्यानं फॉर्म पुढे सरकवला.
व्यवसाय या रकान्यात मी 'धुणं' असं लिहिलं
आणि बराच वेळ त्याकडे बघत राहिले.

रविवारी मोजे सोडले,
नाणी गल्ल्यात ओतली, मोजे टोपलीत टाकले.
मंगळवारी एक बाई आली, कडेवर पोर,
हातात एक पिवळा मोजा.
"याचा जोडीदार राहिलाय का इथे?"
राहिला होता.
दोन्ही शेजारी धरून तिनं पाहिले.
माझ्याकडचा बोटभर लांब झाला होता,
बदकांच्या माना ताणलेल्या.
"याचा नसावा," ती म्हणाली.
मी काही बोलले नाही.